माशी

गादीच्या जाहिरातीत म्हैस हवी होती.
म्हणजे खरी नको. खरी गादीवर बसत नाही,
बसलीच तर गादी राहत नाही.
म्हणून काम आलं आमच्याकडे,
कॉलेज रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर,
दोन खोल्या, सहा मशिनं आणि एक एसी,
जो माणसांसाठी नाही.

मखमलाबादला कचरू पिंगळ्यांच्या गोठ्यात
तीन दिवस तिला मोजलं आम्ही.
झुबेरनं शिंगं, मी पाठ.
नाव गुलछडी. कपाळावर पांढरा ठिपका, रुपयाएवढा.
डावा कान फाटका.
पिंगळे म्हणाले, घ्या काय घ्यायचं ते,
धारेच्या वेळी तेवढं बाजूला व्हा.

आधी सांगाडा. मग मांस. मग कातडं.
मग केस, एकेक करून पेरलेले.
म्हशीला किती विरळ केस असतात
ते पेरायला बसल्याशिवाय कळत नाही.
रवंथ जमेना.
जबडा नुसता वरखाली,
च्युइंगम खाणाऱ्या पोरासारखा.
झुबेर दोन दिवस आरशापुढं
तोंड आडवं फिरवत बसला,
त्याच्या अम्मीनं विचारलं, दाढ दुखते का?

शेवटी मी एक माशी घातली.
ती खांद्यावर बसते,
आणि तेवढंच कातडं थरथरतं,
बाकीची म्हैस झोपलेली.
ते पाहून झुबेरची खुर्ची
वीतभर मागं सरकली.

क्लायंटचा फोन आला.
ठिपका काढा, लक्ष तिकडंच जातं.
कान नीट करा.
माशी कशाला? गादी स्वच्छ दिसली पाहिजे.
आणि जरा हसेल का ती?

ठिपका पुसला.
कान शिवला, सुईदोऱ्याशिवाय.
हसू वीस टक्क्यांवर आणून थांबवलं,
पुढं गेलं की म्हैस काकांसारखी दिसायची.
माशी काढली.
थरथर काढा असं
कुणी म्हणालं नव्हतं.

रेंडरच्या रात्री लाइट दोनदा गेली.
दोन्ही वेळा ती अर्धीच होती,
पुढचे पाय, मान, आणि मागं काळोख.

जाहिरात लागली त्या आठवड्यात
मोबाईल घेऊन मी गोठ्यावर गेले.
गुलछडीचा खुंटा मोकळा.
भाकड झाली, पिंगळे म्हणाले,
आणि कुठं गेली ते
मी विचारलं नाही.

वीस सेकंद.
त्यांनी शेणाचा हात पायजम्याला पुसला,
पुन्हा लाव म्हणाले.
मग पुन्हा.
तिसऱ्या वेळी खांदा थरथरला
आणि त्यांचा हात आपोआप उठला,
स्क्रीनवरून हाकलून आला
नसलेल्या माशीला.

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.
मग फोन परत देत म्हणाले,
कान धड आहे की हिचा.
आपली नाही.