रेघ खाल्ली

लोटलीच्या एर्मेलिंद बायच्या खिडकीला काच नाही,
शिंपल्या आहेत, चौकोनी घासलेल्या,
त्यांतून दुपार येते ती ताकासारखी.
एकूण बावन्न. मी मोजून घेतल्या,
कारण एक जरी फुटली
तर दुसरी कुठून आणायची, ते सांगणारा माणूस आता नाही.

खालची आडवी पट्टी वाळवीने संपवलेली.
नवी करायची. फणस, दीड इंच जाड,
दोन्ही टोकांना कुसू,
उभ्या पट्ट्यांच्या खाचांत बसणारं.
असली कुसवं मी आजवर
जुवारीला भरती-ओहोटी यावी तितकी कापली.

डावं बसलं.
उजव्यावर दोन रेघा होत्या.
एक आदल्या संध्याकाळची, उजेड गेल्यावर मारलेली,
एक सकाळची, खरी.
संध्याकाळची पुसायची राहिली.
आणि करवत, तिला काय,
दाखवाल ती रेघ तिची.

खाचेत घातलं तर
थोरल्याच्या चपलेत धाकट्याचा पाय.
खुळखुळ.

आधी मी खाचेला दोष दिला.
मग गुण्याला. पण गुण्या वडलांचा,
म्हणून तो लगेच मागे घेतला.
मग बायकडे चहा मागितला.

शाणू मेस्त असता तर तिथूनच ओरडला असता,
"रेघ खाल्ली रे!"
त्याचं सगळं बोलणं जेवणातलं.
लाकूड कच्चं, पटाशी उपाशी, रंधा अधाशी.
रेघेबाहेरचं तुझं, म्हणायचा, रेघ गिऱ्हाइकाची.
त्याने मला एकदाच मारलं,
तेही लाकूड वाया घालवल्याबद्दल नव्हे.
भुसा आणि सरस कालवून
मी फट बुजवली होती
आणि "बसलं" म्हणालो होतो.

चहा पिता पिता जुनी पट्टी पायाने उलटी केली.
उजवं टोक वाळवीला आवडलं नसावं, शाबूत होतं.
पुसलं. नखाने टोकरलं.
कुसवाच्या एका अंगाला एक चिपळी,
पोस्टकार्डाला पोस्टकार्ड लावावं इतकी जाड,
रेषेला रेषा मिळवून चिकटवलेली.
रंग कधीच एक झालेला.
फक्त नखाला कळत होतं.

म्हणजे इथेच. याच कोपऱ्यात.
बाय म्हणते, खिडकी तिच्या आजोबांच्या लग्नात बसवली.
तेव्हाही कुणाची तरी संध्याकाळ झाली असणार.
चिपळीखाली पटाशीच्या टोकाने तीन टिकल्या.
खूण, माप, की नुसता राग,
काही कळलं नाही.
मी बराच वेळ तिथे अंगठा ठेवून बसलो.
चहावर साय आली.

मग उठलो.
त्याच फळीचा उरलेला तुकडा शोधला,
भुशात पडला होता, गुळासारखा पिवळा.
त्याची चिपळी काढली, हवी त्यापेक्षा जाड,
कारण काढता येतं, घालता येत नाही.
रेषा कुसवाच्या रेषेसारख्या निजवल्या,
सरस लावला, शिकंजा आवळला,
आणि रात्रभर हात लावला नाही.
सगळ्यांत अवघड हेच.

सकाळी पटाशीने तासत गेलो.
एक ढलपी, घालून बघ.
एक ढलपी, घालून बघ.
सातव्या वेळी खाचेने
थोडं अडवलं, मग घेतलं,
मोगरीचे दोन हलके ठोके,
आणि खुळखुळ नाही, आवाजच नाही.

पुन्हा बाहेर काढलं. सरस लावण्याआधी
तीन टिकल्या माराव्यात असं वाटलं.
त्या त्याच्या. माझ्या कशा होतील.
कानावरची पेन्सिल घेतली आणि चिपळीवर लिहिलं,
"दोन रेघा होत्या."
पुढे कधी कुणी उघडेल,
त्याला वाचता आलं तर हसेल.

दोन दिवसांचं काम, तीन कसे लागले,
बाय पैसे मोजता मोजता विचारत होती.
"मेस्ता, घट्ट आसा मूं?"
तिने खिडकी ओढली, ढकलली,
बावन्न शिंपल्या एकदम किणकिणल्या आणि गप्प झाल्या.
म्हटलं, सरस सुकायला वेळ लागतो.
खोटं नव्हतं.
तिसऱ्या दिवसाचे मात्र मी घेतले नाहीत,
आणि ती, का म्हणून, विचारायला विसरली.