एकवीस किलोमीटर, आठ मिनिटं

ओरूमाच्या धावपट्टीवरून आधी डुकरं हाकलावी लागतात,
मग ढग.
डुकरं ऐकतात.

मी इथला एजंट. माझ्याकडे एक रेडिओ,
कॉफीची पोती तोलायचा एक काटा,
आणि कार्बन घातलेलं पुस्तक.
माणसं मी किलोत लिहितो.
काट्यावर चढताना सगळे श्वास रोखतात,
जणू तेवढंच वजन कमी भरेल.

पत्र्याच्या भिंतीवर खडूने लिहिलंय:
ओरूमा ते केबिल. एकवीस किलोमीटर. आठ मिनिटं.
सुपारीला चुना लावून, चघळून
पहिली लाल पिंक टाकेस्तोवर
विमान पलीकडच्या गवतात टेकलेलं असतं.

साएपे आली तेव्हा काटा अडतिसावर थरथरला.
बिलूममधली रताळी वेगळी, अकरा.
"पैसे मुलीने पाठवले, लाए बंदरातून.
म्हणते, आई, या वयात आता चालू नकोस."
भिंतीकडे बोट केलं. "काय लिहिलंय?"
मी वाचून दाखवलं.
ती हसली, पुढचे दोन दात नसलेलं.
"दोन दिवस लागतात."
चालत, मी म्हटलं.
"मग? डोंगर तेच ना?"

आणि काट्यावरून उतरेचना.
"या आठांत वेताचा पूल कितव्यात येतो?"
कुठला पूल?
"यामू नदीवरचा. त्याच्या अलीकडे उंबराखाली
माझा पोरगा आहे.
नऊ दिवसांचा होता. माहेरी नेत होते, दाखवायला."

मागे रांग होती. कोंबड्या होत्या,
एका शिक्षकाचा छपाईयंत्राचा खोका होता.
मी वैमानिकाकडे गेलो.
तोवुए किनाऱ्याकडचा, त्याला आमचे पूल ठाऊक नाहीत.
गुडघ्यावर नकाशा ठेवून त्याने पेन्सिल फिरवली:
"तिसरं मिनिट. डावीकडे."

आमच्याकडे जुनी माणसं अंगावर मोजतात,
करंगळीपासून सुरू करून
मनगट, कोपर, खांदा, कान.
तिसरं म्हणजे मधलं बोट.
डाव्या खिडकीशी बसवलं तेव्हा
तिने ते बोट दुसऱ्या मुठीत धरून ठेवलं होतं.

रेडिओवर तोवुए म्हणाला,
दुसऱ्या मिनिटाला पांढऱ्यात शिरलो,
सातव्याला बाहेर आलो.
म्हातारी काही बोलली नाही.

परतीचा शुक्रवार घासून ठेवलेल्या पातेल्यासारखा.
विमान आलं, चौघं उतरली.
पाचव्या खुर्चीवर पट्टा नीट दुमडलेला.
मी केबिलला विचारलं. तिथला एजंट म्हणाला,
इथे होती, पहाटे होती, मग दिसली नाही.

रविवारी दिवस कलताना
डुकरांच्या वाटेने ती वर आली.
गुडघ्यांपर्यंत चिखल, पिंढरीला एक जळू,
तिची तिलाच शुद्ध नाही.
कुणी न सांगता थेट काट्यावर उभी राहिली.
छत्तीस.
"उंबर केवढा झालाय," म्हणाली.
मी पाणी दिलं. तिने आधी पायांवर ओतलं, उरलेलं प्यायली.
मग तळहात पुढे केला.
"परतीचं तिकीट मी वापरलं नाही. पैसे दे."

कंपनीच्या कागदावर कारण लागतं,
एका शब्दात, खाडाखोड न करता.
तो शुक्रवार मी पाहिला होता.
केबिलच्या देवळाचा पत्रा
इथून चमकताना दिसत होता, दिवसभर.

मी लिहिलं: ढग.