हूक वाळू दे

लिएपायाच्या नाट्यगृहात
कोट ठेवायला तीनशे बारा हूक आहेत
आणि समुद्रावरून येणारा वारा असा
की बिनकोटाचा माणूस तिथवर पोचतच नाही.

जुने पितळी बिल्ले गेले. कित्येकांवरचे आकडे
बोटांनीच खाऊन टाकले होते.
आता दारापाशी दोन पडदे: बोट टेकवा, चिठ्ठी घ्या.
नंबर काढणारा प्रोग्राम इल्गवार्सने लिहिला,
सात रविवार घालवून.

हिशेब वरवर बालवाडीचा.
शेवटचा आकडा बघायचा, त्यात एक मिळवायचा.
पण आकड्यांना अंत नाही, आणि हूक मोजके.
डिसेंबरात एक बाई चिठ्ठी नाचवत आली,
चार हजार एकशे सहा.
म्हणाली, माझा कोट कुठल्या गावी टांगलाय?

मग त्याने ठरवलं, सुटलेला आकडा परत द्यायचा,
रिकाम्यांतला सगळ्यात लहान.
इथवर ठीक.
नाताळच्या आधीच्या शनिवारी
दोन पडद्यांवर दोन बोटं एकाच क्षणी टेकली.
दोघांनी विचारलं, रिकामं काय आहे?
दोघांना उत्तर मिळालं, छत्तीस.
रात्री एका हुकावर दोन काळे कोट,
एक दातांच्या डॉक्टरचा, एक ट्रॉम्बोनवाल्याचा,
आणि काउंटरपुढे ते दोघे, एकमेकांकडे पाठ करून.
देवनागरी येत असती
तर इल्गवार्सला तिथल्या तिथे चूक दिसली असती.

त्याने दाराला कडी घातली:
एक जण आकडा उचलेपर्यंत
दुसऱ्याने उंबऱ्याबाहेर थांबायचं.
सेकंदाचा हजारावा भाग.
आपण कुणासाठी थांबलो हे कुणाला कळतही नाही.

स्काइद्रीते त्या काउंटरमागे अठ्ठावीस वर्षं.
दुपारचा खेळ सुटत होता, संध्याकाळचा चढत होता,
आणि पडदा घाईघाईने तेच तेच आकडे वाटत होता,
एक, दोन, तीन, पुन्हा एक.
"लगेच कशाला देतोस?" ती म्हणाली.
"आकडा सुटला म्हणजे हूक सुटला असं नाही.
निथळतोय तो अजून.
एकाचा बर्फ दुसऱ्याच्या अस्तरात कशाला?
वाळू दे."

इल्गवार्सने वाद घातला. मग हात लावून पाहिला
पाचव्या हुकाला.
घरी जाऊन तक्त्यात एक रकाना वाढवला,
सुटल्याची वेळ.
चाळीस मिनिटं कुणालाच नाही;
त्यानंतर सगळ्यात लहान नाही,
सगळ्यात जास्त वेळ रिकामा राहिलेला.

फेब्रुवारीत दोनशे सात अडकला.
मध्यंतरात एक माणूस सिगारेट ओढायला म्हणून
नुसत्या स्वेटरवर बाहेर गेला,
आणि बंदराच्या बाजूला वळला
एवढंच दारवानाने पाहिलं.
प्रोग्राम मध्यरात्री सगळे आकडे मोकळे करतो,
तसा नियमच आहे.
स्काइद्रीते म्हणाली, हा नाही.
"पण खेळ संपलाय."
"यंत्राला सांग, तो माणूस अजून नाटक बघतोय."

म्हणून कोडमध्ये एक ओळ आली,
जिचं स्पष्टीकरण लिहायचं इल्गवार्सने टाळलं.
मार्च. एप्रिल. तीनशे अकरा आकडे फिरत राहिले,
हातोहात, खो दिल्यासारखे,
आणि एक बसून राहिला.

मे महिन्यात तो आला.
कानाच्या पाळ्या उन्हाने सोललेल्या,
चिठ्ठी चौपट घडी घालून पाकिटात.
कुठे होता ते त्याने सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.
कोट खांद्यावर टाकताना एवढंच म्हणाला,
"दुसरा अंक कसा होता?"
"लांबला," स्काइद्रीते म्हणाली.

तीन महिने कोरडा ठणठणीत हूक,
तरी चाळीस मिनिटं थांबवलाच त्याला. नियम तो नियम.
तक्त्यात नोंद एवढीच:
२०७, सुटला.
२०७, वाळतोय.
२०७, दिला.

पिवळा रेनकोट, सहा वर्षांच्या मापाचा,
खिशात अर्धं बिस्कीट.