उजवीकडची खालची

मुहर्रकच्या दवाखान्यात पहाटे चारला
पडद्यावर पेवेकरचाचांचं फुप्फुस उजळलंय.
डॉक्टर बुशरा पेनाच्या टोपणाने
एक पांढुरका डाग दाखवतात:
सांग त्यांना, कुठे आहे ते.

मी सांगते, उजव्या फुप्फुसाच्या खालच्या खंडात.

चाचा दाभोळच्या अलीकडचे.
एकतीस वर्षं हिद्दच्या गोदीत जहाजांचा गंज खरवडतायत.
खंड म्हटल्यावर त्यांना आठवतो
मळ्यापोटी दरसाल घालायचा भात.
"खंड कुनाला द्यायचा, बाय? मळा कवाच गेला."

बरं, खंड नको.
पाळी म्हणते. कानाला असते ना, तशी.
त्यांचा हात कानाशी जाऊन थांबतो.
"पाळी रातचीच हाय माझी. खाडा मांडतील काय?"

डॉक्टरांना विचारते, तुमच्यात काय म्हणतात?
फस्स.
हा तर बाजारातला शब्द!
लसूणवाला गड्डा फोडून फस्स दाखवतो,
सोनार अंगठीच्या खड्याला फस्स म्हणतो.

लसणाची कुडी, मग.
आईच्या कानातलीही कुडीच, सात मोत्यांची.
ती त्यांना बसऱ्याचे म्हणायची. इथलेही असतील, कोण जाणे,
श्वास कोंडून कुणी तळातून वर आणलेले.

पँट्रीतून गड्डा आणते, टेबलावर फोडते.
उजवीकडे तीन, चाचा. डावीकडे दोनच.
"दोनच का?"
काळजाला जागा करून दिलीय.
"म्हंजे डावा भाऊ समजूतदार."
हसताना त्यांना खोकला येतो, बराच वेळ.

मग तिसरी कुडी उचलतात. "ही?"
ही.
नखाने सोलतात, हुंगतात,
बाकीच्या चार जवळ सरकवून बघतात.
"एवढी काढली तर भागंल का?
कुडी शाबूत ऱ्हायली म्हंजे झालं."

डॉक्टर विचारतात, काय म्हणाले?

आता ही कुडी मी अरबीत कुठून आणू.
त्यांच्या छातीकडे बोट करते,
मग खांद्यांकडे, गुडघ्यांकडे,
खुर्चीखाली काढून ठेवलेल्या बुटांकडे.
बुटांवर गंज आहे, ताजा.

बुशरा मान हलवतात आणि फॉर्म पुढे ओढतात.
हाताला लसणाचा वास. तो आठ वाजेपर्यंत जात नाही.