शंभर मोजेपर्यंत

मेयोच्या प्रयोगशाळेत रात्री दोनला
कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं.
मे महिना. भिंतीला हात लावला
तर दुपार अजून आत बसलेली.
स्टेशनाकडून एका इंजिनाची शिटी, मग काही नाही.

सँपल एकच उरलं होतं
आणि ते माझं होतं.

बर्डीवरून घेतलेली नवी सँडल,
टाचेला फोड, फोडाकडे चार दिवस दुर्लक्ष.
बावीस वर्षं लोकांचा पू काचेवर पसरवत आले,
आपला पसरवताना हात जरा थांबला.
काचेच्या कडेला पेन्सिलीने
नावाच्या जागी नुसतं ‘मी’ लिहिलं.
नियमात बसत नाही.

काच ज्योतीवरून तीनदा नेली.
जांभळा रंग, एक मिनिट. आयोडीन, एक मिनिट.
मग अल्कोहोल, थेंब थेंब. खरी गोम इथे.
नवी पोरं इथेच घाई करतात:
जास्त धुतलं की दोषी सुटतो,
कमी धुतलं की भलताच अडकतो.
शेवटी गुलाबी. नळाची धार बारीक.

तेलाचा थेंब, मोठी लेन्स.
दिसले.

पुस्तकात यांना द्राक्षांचा घड म्हणतात.
आमच्याकडे द्राक्षं खोक्यातून येतात;
मी पोरांना सांगते, जांभळं आठवा,
झाडावरचा झुबका, पाडायच्या आधीचा.
माळ दिसली तर कूळ वेगळं,
गुलाबी काडी दिसली तर गावच वेगळं.
हे झुबकेवाले बहुधा घरचेच,
माझ्याच नाकात, कातडीवर
इतकी वर्षं गुमान राहिलेले भाडेकरू.
दार फाटकं दिसलं, आत आले.
पुरतं नाव उद्या, प्लेटवर वाढले की.

आणि त्यांच्याभोवती, त्यांच्यावर,
कित्येक तर त्यांना पोटात घेऊन,
पांढऱ्या पेशी.
यांना सैनिक म्हणायची पद्धत आहे.
मला कधी गणवेश दिसला नाही.
वस्तीत रात्री कोणी ओरडलं
की चप्पल न घालता जो पहिला धावतो,
तशा या दिसतात: अर्धवट, विस्कटलेल्या,
केंद्राचे तीन-चार तुकडे एका धाग्यात.
येतात, गिळतात, तिथेच मरतात.
आयुष्य म्हणाल तर दिवस, फार तर दोन-चार.
पू म्हणजे हेच. आपण नाक मुरडतो.

मग बोट टोचलं. रक्ताची दुसरी काच, दुसरे रंग.
मोजायच्या यंत्रावर बोटं ठेवली.
टक. टक. टक.
धावणाऱ्याच जास्त, काही तर कोवळ्या,
केंद्र अजून न तुटलेल्या,
हाडाच्या मगजातून अर्ध्या तयारीनं पाठवलेल्या.
मधूनच एक लिम्फोसाइट, गोल, गप्प,
रेकॉर्ड रूमच्या म्हाताऱ्या कारकुनासारखी:
उशिरा उठते, पण एकदा पाहिलेला चेहरा विसरत नाही.
मोनोसाइट चार. मोठ्या, सैल अंगाच्या,
मागाहून येऊन सांडलवंड आवरणाऱ्या.

गोंडाणे मामा फिनाइलची बादली घेऊन दारात.
“काहून जागून राहिल्या बाई? रिपोर्ट कोणाचा होय?”
“आहे एक बाई.”
“कोणी नाही काय तिच्यासंगं?”
मी लेन्सवरून डोळा काढला नाही.
“येऊन राहिले ना मामा. रात्रीपासून येऊनच राहिले.”

नव्याण्णव.
शंभरावी सापडेना.
काच सरकवली, रिकामं, रिकामं,
लाल पेशींचं नुसतं पटांगण,
आणि मग कडेला एक इओसिनोफिल:
दोन फोडी, आत नारिंगी दाणे ठासून भरलेले.
हसूच आलं. या गावात
हिनं दुसरा कोणता रंग घ्यावा?

टक.

रजिस्टरमध्ये नोंद केली नाही.
दोन्ही काचा ब्लीचच्या डब्यात टाकल्या.
सँडलचा मागचा पट्टा टाचेखाली दाबला,
आणि लंगडत, फटक फटक,
कूलरमध्ये पाणी भरायला निघाले.