पत्रक क्रमांक चौदा

निवटोली.
पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी,
मध्ये जे उरलं ते आम्ही.
समुद्रसपाटीपासून उंची : तिथीवर अवलंबून.
अष्टमीला कोरडे, अमावास्येला घोट्याएवढे,
आणि एकदा, आजोबांच्या ऐन तरुणपणी, खांड गेली तेव्हा
ओटीवरच्या पाळण्याच्या कडीपर्यंत.

नाव निवट्यांवरून पडलं म्हणतात,
चिखलावर रांगणाऱ्या त्या डोळेबाहेर मासळीवरून.
जोमा मढवी म्हणायचा, उलटं आहे,
गाव आधी, मासळीला नाव आपण दिलं.
त्याला खोडून काढील असा लिहिता माणूस
गावात नव्हता.

इतिहास म्हणाल तर
गावदेवीच्या तिसऱ्या पायरीत एक दगड आहे,
त्यावर परक्या लिपीतली दीड ओळ.
कुण्या पाद्र्याचं थडगं, की जकातीची हद्द, कोण जाणे.
बाया त्यावर कोयते पाजळत आल्या.
आता ओळ अर्धीच आहे.
राज्यं गेली, मिठाचा कर आला, मिठाचा कर गेला,
बांध तोच.
भातकापणी झाली की घरटी एक माणूस
चिखलाचे गोळे हातोहात देत उभा,
त्यात माझा बाप शेवटून तिसरा.

मी त्या गावचा, आणि शहर आखणाऱ्या ऑफिसात आरेखक.
उत्तरेचा उजेड, तिरकं टेबल, सगळ्यात बारीक निबाचं पेन.
अठ्ठ्याहत्तर साली पत्रक क्रमांक चौदा माझ्यापुढे आलं.
साहेब म्हणाले, गावठाणाभोवती तुटक रेघ,
आत कोरं सोड.
मी तुटक रेघ ओढली.
आमचं घर नेमकं दोन तुकड्यांमधल्या फटीत आलं.

रात्याची खाचरं झाली सेक्टर एकोणीस.
मिठाच्या कोंड्या, वीस.
देवळाला खूण होती, विहिरीला होती,
विजेच्या खांबाला तर दोन प्रकारच्या होत्या.
उघाडीला नव्हती.
पाण्यानं आत यायचं की बाहेर जायचं
हे ठरवणारी सागाची एक फळी,
आणि ती उचलायला रात्री-बेरात्री उठणारा जोमा,
कंदील, खोकला, मागे त्याचं कुत्रं,
हे कुठल्या खुणेत बसवायचं?
मी एक टिंब दिलं.
साहेबांना वाटलं, पेन गळलं.
त्यांच्यादेखत ब्लेडनं खरवडलं.
खरवडलेला कागद पातळ होतो,
उजेडापुढे धरला की तेवढीच जागा
जास्त पांढरी दिसते.

छापील प्रत घरी नेली. आईनं ती उलटी धरली,
मी सुलटी करून दिली.
बराच वेळ बघून ती म्हणाली,
"आन पानी कंय जाईल रं?"
गटारातून, मी म्हणालो.
साहेबांच्या आवाजात.

आता मी सेक्टर वीसमध्ये राहतो, चौथा मजला,
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उठलेली इमारत.
तळघरात एकेचाळीस गाड्या.
दर पंधरवड्याला गाड्यांखाली पाणी.
सेक्रेटरी वेणुगोपालन पाइपलाइनला दोष देतात,
पाइपलाइनवाला पायाला,
पायावाला आता दुबईत असतो.
गेल्या वर्षी खोदलं.
दहा फुटांवर एक काळी फळी निघाली,
वरच्या कडेला मध्ये खाच, दोरी घासून झालेली.
शटरिंगचं लाकूड म्हणून मजुरांनी ती भिंतीला टेकवली.
मी काही बोललो नाही.
बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता,
नकाशा कोणी काढला.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी तिथ्यांना गोल करतो.
अमावास्येला साडेबाराच्या आधी उठतो,
चप्पल, बॅटरी, खोकला.
वॉचमन शिवबरन खाली उभाच असतो.
"चाचा, अभी तो सूखा है। आपको कैसे पता चलता है?"
कुत्रं नाही, एवढाच फरक.
मी म्हणतो, पंप लाव.