नकाशात तीन बोटं

गेटावर नकाशा दिला, चकचकीत, घडीचा.
त्यात भूतबंगल्यापासून लाटांच्या तलावापर्यंत
तीन बोटं अंतर.
तेजूच्या पावलांनी मोजलं तर
दोनदा शू, एकदा चपलेचा पट्टा,
एक मेलेला नाकतोडा, त्याच्यापाशी बसून केलेली चौकशी,
आणि मग "उचल".

अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडपासून
इथं यायला रिक्षानं पाऊण तास लागला.
कमानीतनं आत शिरून सव्वा तास झाला,
अजून आम्ही प्लास्टिकच्या हत्तीपाशीच आहोत.

त्याआधी सिक्युरिटीनं पिशवी उघडली होती.
कडक भाकरी, शेंगाचटणी. बाहेरचं चालत नाही म्हणाला.
"बाळाचं आहे," मी म्हटलं.
त्यानं तेजूच्या तोंडाकडं बघितलं, चटणीकडं बघितलं.
"एवढं तिखट खातंय व्हय बाळ?"
"सोलापूरचं आहे की वो."
सोडलं.

बाबागाडी भाड्यानं दोनशे.
अंबादास म्हणाले, मी आहे की.
अकरा वाजेपर्यंत ते होते.
मग कंबर धरून लिंबाखाली बसले,
चार जोड चपला राखत,
म्हणाले, या तुम्ही फिरून.

फिरून यायचं कसं, ते नकाशात नाही.
झुकझुक गाडी एकाच दिशेनं जाते,
आणि आपल्याला हवं ते स्टेशन
नेहमी आत्ताच मागं गेलेलं असतं.
मधला रस्ता फरशीचा. ऊन असं
की पाय टेकला की पोरं आपोआप नाचतात.
त्याचं वेगळं तिकीट नाही.

उंची मोजायला एक जिराफ उभा केलाय.
त्याच्या गुडघ्यावर लाल रेघ.
लावण्या दोन बोटं कमी.
बाजूला जाऊन तिनं दोन्ही वेण्या सोडल्या,
डोक्यावर आंबाडा बांधला,
कुणाचं बघून शिकली कोण जाणे,
आणि परत रांगेत, मान ताठ.
जिराफापाशी एक पोरगा, बिल्ल्यावर नाव इरेश.
त्यानं तळव्यानं आंबाडा हळूच दाबला.
गेला तो रेघेखाली.
"पुढच्या मेमध्ये या, ताई."
ताई म्हटल्यावर तिला रडता येईना.
रडला तेजू, ज्याला कुठं जायचंच नव्हतं.

एकीला चाकाकडं जायचंय, एकाला परत पाण्यात,
मला फक्त बाथरूम कुठाय ते हवंय,
आणि पाटीवरचा बाण झाडात शिरलाय.
एका हातात हा, एका हातात ती,
नकाशा दातात.

संध्याकाळी पाण्यातनं काढलं तर ओठ निळे.
टॉवेल भाड्यानं, पन्नास डिपॉझिट.
गुंडाळताना काठावर बोट गेलं.
दुमड अर्ध्या इंचाची, कोपऱ्यात टाका
उलटा फिरवलेला, जरा तिरका.
मशीन नंबर चारची खोड आहे ती,
सुपरवायझर दर आठवड्याला ओरडतात त्यावरून.
चार नंबरला मी बसते.

बोलले नाही कुणाला.
बोटानं परत एकदा चाचपला कोपरा.
तिरकाच.

परत जाताना गेट आणखी लांब गेलेलं.
तेजू खांद्यावर झोपलेला, क्लोरिनच्या वासाचा.
काउंटरवरची पोरगी म्हणाली, टॉवेल?
अंबादास सोडवायला लागले,
त्यानं झोपेतच काठ मुठीत धरला.
"राहू द्या," मी म्हटलं, "पन्नास गेले तर गेले."
"पन्नासात शेडवर दोन येतील."
"माहितीय."

रिक्षात लावण्यानं आंबाडा सोडला नाही.
मांडीवर नकाशा पसरला,
दातांचे ठसे बोटानं सारखे केले,
शांती चौक येईपर्यंत वाचत होती.
"आई, हे निळं चाक आपल्याला दिसलंच नाही."
नाही, म्हटलं.
"हितनं दोनच बोटं होतं."